अनोव्हा ‘फरक आहे’ म्हणते, टुकी ‘नाही’ म्हणते. काय लिहू?

नमस्कार मंडळी, प्रबंधातल्या एका तक्त्यावर अडलोय. गोव्यातल्या चोडणच्या खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) शेतात भाताचे चार वाण लावले होते: कोरगुट, गोवा धान १, ज्योती, जया. प्रत्येकी ६ वाफे, चिठ्ठ्या टाकून वाटलेले. मळणीनंतर वाळवून वजनं घेतली.

जामोवी या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एकमार्गी अनोव्हा (चारही वाणांच्या सरासऱ्यांत फरक आहे का, हे एकत्र तपासणारी चाचणी): एफ (३, २०) = ३.४५, पी = ०.०३६ (०.०५ च्या खाली म्हणजे फरक लक्षणीय). परिणामाचा आकार सांगणारी मापं: ईटा वर्ग ०.३४, ओमेगा वर्ग ०.२३. टुकीत (वाणांची जोडी-जोडीने तुलना करणाऱ्या चाचणीत) मात्र एकही जोडी ०.०५ च्या खाली नाही; सगळ्यात जवळची कोरगुट–जया, पी = ०.०७. आकडे दोनदा तपासले. लेव्हीन चाचणी (गटांतला विखुरलेपणा सारखा आहे का) ठीक, क्यू-क्यू आलेखही (आकडे प्रसामान्य वितरणाला धरून आहेत का) सरळ. वाफे वाढवता येणार नाहीत, हंगाम संपला.

मार्गदर्शक म्हणतात, एलएसडी (जोड्यांच्या तुलनेची टुकीपेक्षा सैल चाचणी) लाव. लावली, तीच जोडी ०.०१६ वर आली! पण सहा तुलनांत चुकून फरक दिसण्याची शक्यता ती पुरेशी आवरत नाही ना? निकाल पाहून चाचणी बदलणं मला तरी खटकतंय.

‘कोरगुट विरुद्ध बाकी तिन्ही’ ही तुलना लावणीआधीच आराखड्यात लिहिली होती. मग टुकी सोडून तेवढीच नियोजित तुलना दिली तर चालेल का? आणि इतक्या लहान नमुन्यात ईटा देऊ की ओमेगा?