जुन्या होडीला फायबर चढवून काय वाचतं?

रापणकाराचा नातू: काल इथे एकाने फोटो टाकला. आजोबांची रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) होडी, वरून पांढरंशुभ्र फायबर, खाली मजकूर ‘जीर्णोद्धार पूर्ण, आता चिंता मिटली’. त्यावर नमस्कारांचा पाऊस. मला राहवलं नाही.

अहो, ती काथ्याने शिवलेली होडी! तिच्या फळ्या खिळ्यांनी जखडलेल्या नसतात. लाट बसली की सांधा जरासा हलतो, म्हणून तर रेतीवर आपटूनही ती फुटत नाही. वर कडक कवच चढवलंत की हलायची सोय गेली, आणि लाकडात मुरलेलं पाणी आतच कोंडलं. दोन-तीन पावसाळ्यांनी आत भुसा, बाहेरून होडी गोरीगोमटी. खरी दुरुस्ती म्हणजे जुनी शिवण उसवायची, नवा काथ्या ओढून आवळायचा, राळ लावायची, तेल पाजायचं. दरवर्षी लक्ष द्यावं लागतं. तेच नकोय ना सगळ्यांना?

जेटीवरचा: लक्ष द्यायला माणसं आणा आधी. लाकडाची होडी वर ओढायला अर्धा वाडा लागायचा. आता वाड्यावर म्हातारे आणि कुत्री. माझी फायबरची आहे, भाऊ आणि मी ढकलतो. आणि गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली म्हादेई, नौदलाची शिडाची बोट, कसली होती? आत सीडार लाकडाच्या पट्ट्या, वर फायबर. 2013 साली नौदलाचा अभिलाष टॉमी तिच्यातूनच एकटा, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. तिचा भुसा झाला का?

रापणकाराचा नातू: तो सीडार नवा, कोरडा, आतून-बाहेरून एपॉक्सीने, म्हणजे लाकडाला घट्ट धरणाऱ्या रेझिनने, बंद केलेला. इथे पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी प्यायलेल्या फळीवर बादलीत कालवलेलं स्वस्त पॉलिएस्टर रेझिन थापतात. ते लाकडाला धड धरतच नाही. नखाने पापुद्रा निघतो, बघितलाय मी.

मडगावकर: भांडताय कशाला? गोव्याने कौंडिण्य, नौदलाचं जुन्या पद्धतीचं शिडाचं जहाज, काथ्याने शिवून दाखवली की! इंजिन नाही, खिळा नाही, पोरबंदरहून शिडावर थेट मस्कत. आपली विद्या जिवंत आहे.

पेडण्याचा सुतार: ‘आपली’? ती शिवणारे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर केरळचे. ज्यावरून घडवली ते चित्र अजिंठ्याचं, चाचणी मद्रासच्या आयआयटीत, नाव ठेवलं कारवारला. गोव्याचं काय, तर बांधणीचं यार्ड.

मडगावकर: यार्ड काय झाडाला लागतं? हिंमत करून काम अंगावर घेतलं ते गोव्यातल्याच माणसांनी. तुम्हाला नुसतं रडायचंय.

पेडण्याचा सुतार: रडतोच. माझ्या वडिलांना एका होडीसाठी स्वतःच्या भाटातला, बागायतीतला, फणस पाडायचा होता. गोव्याच्या 1984 च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी हवी, तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. तोवर गिऱ्हाइकाने फायबरची घेतली. वडिलांनी लाकूड तासायचा वाकस ठेवला तो ठेवलाच. आणि डोंगरच्या डोंगर बोडके होतात तिथे कोणी अडवत नाही.

मडगावकर: म्हणजे झाडं बेलगाम तोडू द्यायची? वा!

पेडण्याचा सुतार: पात्रांव, वाचता येत असेल तर परत वाचा. एक फणस म्हटलंय.

ताळगावची बाय: पुरुषांनो, श्वास घ्या. कौंडिण्यावर केरळच्या हाताखाली इथले किती पोरगे शिकले, ते कोणी विचारलं? शिकले असतील तर वाद मिटला. नसतील तर मडगावकरांनी मस्कतचे लाडू खात बसावं.

मडगावकर: लाडू गोडच आहेत, बाय. पण प्रश्न बरा आहे, मानलं.

फोटोवाला: होडी माझी. एवढा गोंधळ घातलात म्हणून सांगतो, ती पाण्यात जाणारच नाही. पाहुण्यांच्या खोल्यांसमोर बागेत ठेवणार, आत कुंड्या.

जेटीवरचा: हात्तिच्या!

रापणकाराचा नातू: हे काल लिहिलं असतंत तर माझी झोप वाचली असती. कुंड्याच ठेवायच्या तर मारा फायबर, माझी हरकत संपली. फक्त तळाला भोक पाडा आणि पाणी निघेल अशी तिरकी ठेवा, नाहीतर जूनमध्ये डासांची वसाहत होईल. आणि काढलेला जुना काथ्या फेकू नका. टाके कसे घातलेत ते मला बघायचंय, रविवारी येतो.

फोटोवाला: काथ्या जाळला हो.