मदत हवी: मनालीत ताजा बर्फ पडलाय, पहाटे निघायचं का?

गंगापूररोडकर: नाशिकहून सहा जण आलोय. दोन दिवस बर्फ पडला, आज कडक ऊन. लीडर म्हणतो, हवा उघडली, पहाटे निघू. मला धाकधूक वाटतेय. हिमस्खलनाचा धोका ओळखायचा कसा? लवकर सांगा, रेंज येते-जाते.

पंचवटीचा: नेमकं कुठे? बर्फ किती? गाइड आहे?

गंगापूररोडकर: सोलंगच्या वर, ढुंढीच्या पुढे. अंगणात काठी रोवली तर गुडघ्याच्या वर बर्फ. गाइड नाही, जीपीएस आहे. हो की नाही तेवढं सांगा ना.

हरिहरप्रेमी: घाबरू नका. पावसात हरिहर गडाच्या पायऱ्या चढणाऱ्याला हे जड नाही. नाळ (डोंगरातली उभी घळ) धरा, वेळ वाचतो.

बेसिक_केलेली: कृपया नाळ धरू नका! सह्याद्रीत नाळ म्हणजे वाट. बर्फात ती वरचं सगळं खाली येण्याची वाट. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. काठी उताराला टेकवून तिच्यावर मोबाइल ठेवा, कोन कळतो. तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावर तसा उतार असेल तर धोका तोच. पायाखाली ‘धप्प’ आवाज झाला किंवा बर्फात तडा धावत गेला, तर तिथूनच मागे फिरा. डीजीआरई (हिमस्खलनाचा इशारा देणारी सरकारी संस्था) हिचं बुलेटिन पाहिलं का? बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आहे?

सिडकोवाला: हातमोजे दोन जोड घ्या. बूट मनालीत भाड्याने मिळतात.

हरिहरप्रेमी: उन्हाने बर्फ बसतो, हे तरी मान्य करा.

बेसिक_केलेली: बसतो, पण एका दिवसात नाही. दुपारी ओला होऊन सुटतोही. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा शिखरावर शिकाऊ गिर्यारोहक हिमस्खलनात दगावले, त्यांच्यासोबत प्रशिक्षकही होते. गाडला गेलेला माणूस पंधरा-वीस मिनिटांत निघाला नाही तर आशा झपाट्याने कमी होते.

पंचवटीचा: वाऱ्याचं कुणी बोललं नाही. वारा एका अंगाचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडे साठवतो. तो उतार आणखी वाईट.

गंगापूररोडकर: बीकन वगैरे काहीच नाही. दुपारचा फोटो मोठा करून पाहिला. नाळेच्या तोंडाशी झाडीत मोकळा पट्टा आहे, कडेच्या झाडांना वरच्या अंगाला फांद्याच नाहीत. हे हिमस्खलनाचंच लक्षण का?

बेसिक_केलेली: हो, तेच. तिथून आधीही आलंय.

गंगापूररोडकर: लीडरला फोटो दाखवला. तो बघत बसलाय. मी तरी जात नाही, आणखी दोघं माझ्यासोबत थांबतायत.