रेजेक्स फिल्टर सरसकट काढायची गरज नाही

प्रोमिथियसच्या (सर्व्हर-ॲप्सची मोजमापं साठवणारी मॉनिटरिंग सिस्टीम) क्वेरी हलक्या करायला =~ (रेजेक्स, म्हणजे पॅटर्नने जुळवणारा फिल्टर) दिसलं की काढा आणि सगळीकडे = (तंतोतंत जुळवणारा) लावा, असा सल्ला दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. प्रोमिथियसमध्ये = ला इंडेक्समधून थेट उत्तर मिळतं, पण =~ "चेकआउट|पेमेंट" अशी साध्या शब्दांची यादी असेल तर तीही आतून वेगवेगळ्या थेट लुकअपमध्येच फोडली जाते, रेजेक्स इंजिन चालतच नाही, त्यामुळे ती बिनधास्त वापरा.

खरा त्रास ".*चेकआउट.*" असल्या पॅटर्नचा, कारण तिथे त्या लेबलची (मोजमापाला लावलेल्या टॅगची) एकूण एक व्हॅल्यू तपासावी लागते, आणि पॉडसारखं (कुबरनेटिसमध्ये ॲप चालवणारं एकक) लेबल असेल, जिथे प्रत्येक डिप्लॉयला नवीन नावं तयार होतात, तर विचारूच नका! बऱ्याच जणांना ग्रेपची (ओळीत कुठेही जुळणी शोधणारी कमांड) सवय असते म्हणून दोन्ही बाजूंना .* लावतात. इथे पॅटर्न दोन्ही टोकांना आपोआप अँकर होतो (पूर्ण व्हॅल्यूशीच जुळवला जातो), म्हणजे ^ आणि $ लिहायची गरज नाही आणि नाव "चेकआउट-" ने सुरू होतं हे माहीत असेल तर सुरुवातीचं .* उडवा, "चेकआउट-.*" पुरे. (?i), म्हणजे लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखी धरणं, तेही उगाच नको.

आणि ग्राफानाचं (आलेख दाखवणारं डॅशबोर्ड टूल) व्हेरिएबल, म्हणजे वरची निवडयादी, बघाच. "ऑल" निवडलं की सगळ्या व्हॅल्यूज | ने जोडून भलीमोठी क्वेरी जाते, तिथे कस्टम ऑल व्हॅल्यू म्हणून .+ द्या.

एवढं करूनही तोच पॅटर्न दहा पॅनेलमध्ये लागत असेल तर स्क्रेपच्या वेळीच (प्रोमिथियस मोजमापं गोळा करतं तेव्हाच) रीलेबल करून सर्व्हिसचं वेगळं लेबल काढा, मग = आपसूकच येतं.