गेममधले कंटेनर: कामचुकारपणा की कारागिरी?

रात्रपाळी (धागाकर्ता)
कुठलाही गोळीबाराचा गेम घ्या, थोड्या वेळात तुम्ही कुठल्यातरी बंदरात लाल-निळ्या कंटेनरांच्या बोळात उभे असता. 'कॉल ऑफ ड्युटी ४' (२००७) मधला 'शिपमेंट' नकाशा आठवा. चिमुकलं चौकोनी आवार, आत कंटेनर, मेल्यावर पुन्हा जिवंत होताच पाठीत गोळी. हाच नकाशा २०१९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर'मध्ये परत आणला आणि २०२२ च्या भागात तर जहाजावर चढवला.

'ओल्ड मॅन मरे' नावाच्या संकेतस्थळाने २००० साली गेम जोखायची खवचट रीत काढली होती. सुरुवातीपासून पहिलं खोकं दिसेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचं. खोकं दिसलं की समजायचं, इथे निर्मात्यांच्या कल्पना संपल्या. त्यानंतर खोकं वाढून वीस फुटी झालं, एवढीच काय ती प्रगती. माझ्या मते कंटेनर हा निव्वळ कामचुकारपणा आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी बोला.

लेव्हलवाला
पटत नाही. लेव्हल, म्हणजे गेममधल्या खेळायच्या जागा, बनवायच्या धंद्यात आहे, त्यामुळे बाजू घेणारच.

लेव्हल आधी राखाडी ठोकळ्यांनी उभी करतात, खेळून बघतात, ठोकळे सरकवतात, पुन्हा खेळतात. सगळं जमलं की त्या ठोकळ्यांना घर, झाड, गाडी असं रूप द्यायचं. इथेच घोळ होतो. झाडाला फांद्या फुटतात, गाडीच्या काचेतून पलीकडचं दिसतं, आणि जमलेला खेळ बिघडतो. कंटेनर मात्र रूप घेऊनही ठोकळाच राहतो आणि खोटा वाटत नाही. उंची साधारण २.६ मीटर, म्हणजे उभा माणूस पूर्ण झाकला जातो आणि उडी मारून वर चढता येत नाही. दार बंद ठेवलं तर भिंत, एक बाजू उघडली तर एकाच वाटेची खोली, दोन्ही उघडल्या तर बोगदा. शिवाय पेटीआड लपलेल्या गोष्टींचं चित्र इंजिनाला, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, पडद्यावर काढावं लागत नाही. स्वस्त फोनवर गेम चालवायचा असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे.

रंगाचंही तसंच. 'काउंटर-स्ट्राइक'च्या 'न्यूक' नकाशात बाहेरच्या आवारात लाल कंटेनर आहेत. गोंधळात "रेडमागे एक" एवढं ओरडलं तरी पुरतं. इतका छोटा पत्ता दुसरी कुठली वस्तू देईल?

चिकनडिनर
पबजीतल्या जॉर्जोपोल शहराच्या कंटेनरांवर उतरून बंदूक हाती यायच्या आत मेलेल्यांनी इथे हजेरी लावा 😄 बाकी चालू द्या.

उरणकर
आमचा दिवस न्हावा शेवा बंदराच्या मालाबरोबर सीएफएसमध्ये (कंटेनर भरायच्या-रिकामे करायच्या गोदामात) जातो, त्यामुळे पोराचा गेम बघताना जीव वर-खाली होतो.

पहिली गोष्ट, रचना. कंटेनरचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो. दोन वीस फुटींवर एक चाळीस फुटी बसतो, पण एका चाळीस फुटीवर दोन वीस फुटी ठेवता येत नाहीत, कारण मधे खांबच नसतो. गेममध्ये मात्र आडवे, तिरके, अर्धे हवेत लटकलेले, काय वाट्टेल ते. दुसरं, तळाला प्लायवूड असतं, आणि गेममध्ये आत शिरलं की पाय लोखंडावर ठणठण वाजतात. चार अक्षरं आणि सात आकडे असा नंबर असतो, शेवटचा आकडा आधीच्या नंबरावरून हिशेबाने निघतो. तिथे गिचमिड लिहिलेलं. आणि पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर! त्याच्या आड बसून पट्टी बांधत बसलेला शिपाई बघितला की हसू येतं.

रात्रपाळी
उरणकर साहेब, माझंच काम केलंत. वस्तू नीट बघितलीच नाही, नुसती जागा भरली. याला कारागिरी कशी म्हणायची?

लेव्हलवाला
मग खऱ्या यार्डात खेळून दाखवा. तिथे पेट्या एकीला एक चिकटलेल्या, आणि मधले रस्ते सरळसोट लांबलचक. एका टोकाला दुर्बिणीची बंदूक घेऊन कोणी बसला की खेळ संपला. त्या तिरक्या पेट्या आम्ही नजरेची रेष तोडायला ठेवतो. आणि गोळी आरपार म्हणाल, तर 'कॉल ऑफ ड्युटी ४'मध्ये पातळ पत्र्यातून ती जायची. पबजीत जात नाही, कारण तिथे आडोसा भरवशाचा हवा. हे विसरून होत नाही, ठरवून होतं.

रात्रपाळी
आडोसा हवा हे मान्य, पण दरवेळी तोच का? ज्यांना काही सुचलं त्यांनी कंटेनरला कामाला लावलं ना. 'जीटीए ५' (२०१३) मध्ये ट्रेव्हर हे पात्र गोदीकामगार बनून बंदराची टेहळणी करतो, तेव्हा गाडीने कंटेनर उचलून न्यावे लागतात, मग क्रेनवर चढावं लागतं. कंटाळवाणं म्हणून लोकांनी शिव्या घातल्या, मला आवडलं. 'मेटल गिअर सॉलिड ५' (२०१५) मध्ये तर कंटेनरला फुगा बांधून तो आभाळात पाठवता येतो, आणि वर उभं राहून आपणही निसटायचं. तिथे कंटेनर पळवायचा माल आहे, पळून जायची वाटही आहे. याला मी कारागिरी म्हणतो. बाकी ठिकाणी रंगवलेली भिंत.

लेव्हलवाला
ती दोन्ही उदाहरणं एकट्याने खेळायच्या भागातली. शंभर जणांच्या सामन्यात तोच कंटेनर उचलला, की तो नेमका कुठे आहे हे शंभर फोनांना एकाच वेळी पटवायचं. एकाच्या पडद्यावर आडोसा आहे आणि दुसऱ्याच्या नाही, असं झालं तर पहिली शिवी तुम्हीच घालाल.

रात्रपाळी
घालीन. तरी नवा नकाशा आला की पुन्हा तेच बंदर असणार, आणि मी पुन्हा हेच लिहिणार.

उरणकर
लेव्हलवाले, हलवू नका हो. निदान चाळीस फुटीवर वीस फुटी चढवू नका, त्याला तर जादा पैसे लागत नाहीत?