एका रेषेतला क्वांटम वायू: दोन ढग भेटले की माझं गणित का कोसळतं?

लाटवेडी:
पंधरा दिवस एकाच आलेखाशी झटतेय. एका रेषेतले, एकमेकांना ढकलणारे बोसॉन (एकाच अवस्थेत कितीही मावू शकणारे क्वांटम कण). सुरुवातीला दोन ढग. त्यांना धरून ठेवणारा सापळा बदलला की ते मध्यावर येऊन भेटतात. मी नेहमीच्या हायड्रोडायनॅमिक्सची (प्रवाहाच्या गणिताची) घनता, संवेग, ऊर्जा ही तीन समीकरणं सोडवते. ढग भेटताच घनतेची कड चढत चढत उभी भिंत होते आणि कोड मान टाकतो. ग्रिड बारीक केली, टाइम-स्टेप निम्मा केला, भिंत जागची हलेना. चूक कोडची की समीकरणांची?

आडवारेघ:
समीकरणांची. कोडला हात लावू नका.

तीन राशी पुरतात त्या टकरांनी वेग ढवळले जातात तिथेच. एका रेषेत सारख्या वस्तुमानाचे दोन कण आदळले तर वेगांची फक्त अदलाबदल होते, म्हणजे वेगांची यादी तीच राहते. 2006 मध्ये किनोशिता, वेंगर आणि वाइस यांनी रुबिडियमचे अणू हजारो वेळा एकमेकांवर आदळू दिले, तरी ते औष्णिक समतोलाला आले नाहीत. म्हणून प्रत्येक रॅपिडिटीची (टकरींनंतरही टिकून राहणाऱ्या वेगाची) घनता वेगळी धरा. 2016 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे हीच वाट काढली. तुमच्यासारखेच दोन ढग इझाबेल बुशूल यांच्या गटाने 2019 मध्ये अणुचिपवर (अणूंना सापळ्यात धरणाऱ्या चिपवर) तपासले. जुनं गणित तिथेही फसलं, नवं जुळलं.

लाटवेडी:
पण प्रत्येक जण आपापल्या वेगाने निघाला, तर परस्परक्रिया गेली कुठे?

कागदपेन्सिल:
वेगातच आहे ती. कागदावर कडक कांड्या काढा. कांडीचा नाही, वेगाचा माग घ्या: दर टकरीला तो एका कांडीच्या लांबीने पुढे उडी मारतो. कांड्यांनी रेषेचा पाचवा हिस्सा व्यापला असेल आणि सरासरी वेग शून्य असेल, तर प्रभावी वेग, म्हणजे उड्या धरून पडणारा वेग, मूळच्या 1.25 पट. तुमच्या बोसॉनमध्ये ही उडी मागे पडते आणि दोन रॅपिडिटींमधल्या फरकावर ठरते. चिन्हाकडे लक्ष ठेवा, मी स्वतः तिथे आठवडा घालवलाय.

लाटवेडी:
भिंत गेली! मध्यबिंदूपाशी रॅपिडिटीच्या आलेखाला दोन उंचवटे आहेत, एक डावीकडून आलेला, एक उजवीकडून. तीन आकड्यांत हे मावणारच नव्हतं. फक्त उंचवट्यांच्या कडा हळूहळू पसरतायत. हे खरं विसरण (डिफ्यूजन) का?

आडवारेघ:
तुमच्या समीकरणात विसरणाचं पद नाही, म्हणजे ती ग्रिडची करणी. ग्रिड निम्मी करा, पसरणं कमी व्हायला हवं. ते पद 2018 मध्ये मांडलं गेलंय, पण आधी हे तपासा.