रिटायरमेंटनंतर डोंबिवलीहून कोल्हापूरला आलोय, पाच महिने झाले तरी माझं मन लागत नाहीये

डबा_७_५२

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. मिस्टर ऑगस्टमध्ये रिटायर झाले, डोंबिवलीचं घर मुलाकडे ठेवलं आणि आम्ही इकडे सानेगुरुजी वसाहतीत फ्लॅट घेतला. ह्यांचं गाव भुदरगड तालुक्यात, कॉलेज कोल्हापुरात, त्यामुळे हे आल्या दिवसापासून खूश आहेत. सकाळी रंकाळ्याला फेरी, मग कुणीतरी जुना मित्र, फुटबॉलचा सीझन सुरू झाल्यापासून तर शाहू स्टेडियमवरच असतात.

माझं तसं नाही. मी ३१ वर्षं नोकरी केली, ७.५२ ची लोकल, आणि माझ्या सगळ्या मैत्रिणी त्या लेडीज डब्यातल्या. भाजी निवडणं, डोहाळजेवणं, रडणं, सगळं तिथेच झालं. इथे माणसं वाईट नाहीत, उलट फार प्रेमळ आहेत, पण मला त्यांची रीत समजत नाही. आम्ही आलो त्याच आठवड्यात समोरच्या काकी दुपारी तीन वाजता न सांगता आल्या, हातात वाटी, झुणका होता. मी नुकती आडवी झाले होते, केस विस्कटलेले, दारातच वाटी घेतली, थँक्यू म्हटलं. दोन दिवसांनी वाटी घासून वॉचमनकडे दिली कारण त्या घरी नव्हत्या. तेव्हापासून त्या हसतात, पण आल्या नाहीत. परवा संक्रांतीला बिल्डिंगमध्ये तीन घरी हळदीकुंकू झालं, मला एकाच घरून बोलावणं आलं. खूप लागलं मनाला. काय चुकलं आणि आता काय करू, खरंखरं सांगा.

पेठेतली_सून

ताई, वाईट वाटून घेऊ नका पण वाटी रिकामी गेली आणि ती पण वॉचमनच्या हातनं, हे त्यांना लागलं असणार. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, घरात काही नसंल तर चमचाभर साखर घालून का असंना पण देतात. आणि दारात आलेल्या बाईला आत या म्हटलं नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाही हे मला कळतंय, त्यांना कसं कळणार? इथं फोन करून येणं म्हणजे परकेपणा वाटतो. मोकळ्या केसांनी दार उघडलं तर कोण काय म्हणत नाही, आत बोलवा, चहा टाका, दहा मिनिटांत जातात.

आता काय करायचं सांगतो (मी बाईच आहे, आमच्यात बायका पण आलो-गेलो-जेवलो असंच बोलतात, तुमच्या काकी पण तसंच बोलत असतील, घाबरू नका). रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. तुम्हीच ठेवा. पण बोलवायला व्हॉट्सॲप मेसेज टाकू नका, प्रत्येक दारात स्वतः कुंकवाचा करंडा घेऊन जावा. आणि त्या काकींकडं सगळ्यात आधी, त्यांच्या तीनच्या टायमाला, त्यांच्यासारखंच न सांगता.

कसबा_बावडा

मी पुण्याहून २०१७ ला आलो, नोकरीतून मोकळा झाल्यावर. पहिली दोन वर्षं तुमच्यासारखीच गेली, गेटवर रामराम एवढंच. मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात नळाला पाणी नाही, पेट्रोल नाही, दूध नाही. आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी शाळेत सोय केली होती तिथं माणसं आणून ठेवत होते, मी नुसता विचारायला गेलो की काही करू का, तर एकजण म्हणाला काका, याद्या लिहा की, तुमचं अक्षर बरं असंल. सहा दिवस मी नावं लिहीत बसलो, कुठल्या घरातली किती माणसं, कुणाला बीपीची गोळी, कुणाचं म्हातारं अजून माडीवर बसलंय. त्यानंतर मला बावड्यात कुणी नवीन म्हणालं नाही. पूर येऊ नये हीच इच्छा, पण सांगायचं एवढंच की मला ओळख गप्पा मारून नाही मिळाली, काम मागितल्यावर मिळाली. ताई ३१ वर्षं नोकरी केलीय, सोसायटीचा हिशेब बघणारं कुणी पाहिजे का विचारा, प्रत्येक सोसायटीत ते काम कुणालाच नको असतं.

रोज_रंकाळा

वरच्या दोघांचं पटतंय पण एक थोडं वेगळं सांगतो. सगळं बिल्डिंगमध्येच शोधू नका. शेजारणी आणि मैत्रिणी ही वेगळी माणसं असू शकतात. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जा. मिस्टर रंकाळ्याला जातात ना, तुम्ही त्यांच्याबरोबर जाऊ नका, वेगळ्या वेळी जा, नाहीतर लोक त्यांच्याशीच बोलतील. संध्यामठाच्या बाजूला सकाळी बायकांचे ग्रुप बसलेले दिसतात, तिथं आठ दिवस नुसतं शेजारी बसा. वाचनाची आवड असेल तर करवीर नगर वाचन मंदिर बघा, १८५० सालची लायब्ररी आहे, मेंबर व्हा. ३१ जानेवारीपासून अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव आहे, मावळतीची किरणं देवीपर्यंत येतात, बघायला एकट्या गेलात तरी परत येताना कुणाशी तरी बोलून याल. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पन्हाळा, जोतिबा करून या. आणि मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ भरून टाका, लोक हे पुढं ढकलतात आणि मग स्वतःलाच पाहुण्यासारखं वाटत राहतं, माझ्या भावाचं तसंच झालंय.

७.५२ च्या मैत्रिणींना सोडू नका. त्या वेळेला रोज एक फोन करा.

डबा_७_५२

सगळ्यांचे मनापासून आभार. पेठेतली_सून, वाचून आधी रडू आलं, मग बरं वाटलं, निदान कारण तरी कळलं. आमच्याकडेही आई वाटी रिकामी देऊ द्यायची नाही, ब्लॉकमध्ये राहून राहून मी विसरले.

आज तीन वाजता गेले. तिळाच्या वड्या नेल्या, पोटात गोळा आला होता. काकींनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, या की ओ, किती दिवस वाट बघालोय. थेट स्वयंपाकघरात नेलं, ओट्याजवळ पाटावर बसवलं. मी वाटीचं सांगितलं, सॉरी म्हटलं. म्हणाल्या मला वाटलं तुम्हाला आमचं तिखट आवडलं नाही. इतके महिने त्यांच्या मनात ते होतं! त्यांची सून गुऱ्हाळावर न्यायचं म्हणतेय पुढच्या रविवारी, त्यांच्या माहेरच्या शेतावर. निघताना माझा डबा रिकामा दिला नाही, चटणी घालून दिला, घरची कांदा लसूण.

शनिवारी हळदीकुंकू ठेवतेय. उद्या सकाळी करंडा घेऊन निघणार, चार मजले, बावीस दारं. काकी बरोबर येते म्हणाल्यात. वाण काय लुटावं ते सांगा फक्त, लक्ष्मीपुरीत चांगलं काय मिळेल?