क्वेत्झाल पक्ष्यासाठी ॲप पुरत नाही

‘पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप फुकट मिळतं, मग गाइडवर डॉलर कशाला उडवायचे’ असं काही पक्षीनिरीक्षक म्हणतात; हा मुद्दा आपल्याकडच्या माळरानावर चालून जाईल, कोस्टा रिकातल्या मोन्तेवेर्देच्या ढगाळ जंगलात नाही. आवाज येतो हो, पण क्वेत्झाल पाठमोरा, पानांत हिरवागार होऊन ढिम्म बसतो; लाल पोट दिसेल तर शपथ!

आमचा गाइड तर वर बघतच नव्हता, झाडांखालचा चिखल न्याहाळत चालला होता. क्वेत्झाल रानटी ॲव्होकॅडोची छोटी फळं अख्खी गिळतो (हे झाड आपल्या दालचिनीच्याच कुळातलं) आणि बी नंतर तोंडावाटे टाकून देतो. गर चिकटलेली ताजी बी दिसली की तिथेच स्कोपची (एकनळी मोठ्या दुर्बिणीची) तिवई रोवायची. थोड्या वेळाने नर दिसला, मग भिंगावरचं बाष्प पुसत पाळीपाळीने सगळ्यांनी डोळा लावला.

हंगाम मात्र सांभाळा. मार्च ते जून विणीचे दिवस. त्यानंतर बरेच क्वेत्झाल फळांमागे प्रशांत महासागराच्या बाजूच्या खालच्या जंगलांत उतरतात. तेव्हा गेलात तर गाइड तरी काय करणार?